राहिलेलं कडवं

लग्नाच्या पंगतीत व्याह्याला तोंडावर गाणं म्हणून उघडं पाडायची रीत आमच्याकडे होती, आणि माझी आई त्या कामात आसपासच्या दहा गावांत एक नंबर होती. व्याह्याला आमच्या बोलीत इवाई म्हणतात, विहिणीला इहीन. पंगत बसली, ताटं वाढून झाली की नवऱ्याकडच्या बायका नवरीच्या बापावर, आईवर, चुलत्यावर गाणं सोडायच्या. नवरीकडच्या बायका उलटं उत्तर द्यायच्या. कुणाचं बसकं नाक, कुणाचा चिक्कूपणा, कुणी मानपानात जुनाच टॉवेल धुऊन दिला, सगळं त्यात यायचं. ज्याच्यावर गाणं त्यानं हसून ऐकायचं आणि पुढेही मनात ठेवायचं नाही, असा नियम. 'इहीन आली, इहीन आली, पाटावर बसली, पाट म्हनला आई गं, कंबर माजी खचली', हे आईचं गाणं ऐकून सोनईच्या एका लग्नात एक जाडजूड इहीनच इतकी हसली होती की तिला ठसका लागून पाणी पाजावं लागलं.

हे गाणं थांबवायचा एकच मार्ग होता. ज्याच्यावर गाणं चाललंय त्यानं उठायचं, रुखवताच्या ताटातला गुळाचा खडा घ्यायचा आणि गाणारीच्या तोंडात घालायचा. गूळ नाकारता येत नसे. नाकारणं म्हणजे सोयरीक नाकारणं. एकदा गूळ तोंडात गेला की त्या बाईनं त्या घरावर त्या दिवशी अवाक्षर काढायचं नाही. मागून ओळ उचलून झील धरणाऱ्या बाकीच्या बायकांना तशी मोकळीक असायची, पण मुख्य गाणारी थांबली की त्याही आपोआप गप्प होत. त्यामुळे चांगली गाणारी इवायाच्या हाताकडे लक्ष ठेवून गायची, आणि सगळ्यात झोंबणारं कडवं शेवटी, ऐन गूळ यायच्या आधी सोडायची. आई हे फार बेतानं करायची. शेवटच्या कडव्याआधी ती थांबून पदर सारखा करायची. पंगतीतल्या लोकांना ते माहीत झालं होतं. आईचा हात पदराला गेला की लोक घास हातात धरून थांबायचे.

आईला लिहितावाचता येत नव्हतं. कडवी ती कामं करताना जुळवायची आणि मला पाठ करायला लावायची, कारण पंगतीत ऐनवेळी तिला ओळ सुचली नाही तर झील धरताना मी हळूच पुढचा शब्द द्यायचा. मी सोळा वर्षांची होते आणि दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. उन्हाळ्यात आमच्या अंगणात सकाळपासून कुरडयांचं काम चालायचं. चार घरच्या बायका जमायच्या, चुलीवर मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक रटरटत असायचा, आणि साच्याचा दांडा करकरत असायचा. गरम चीक वाटीत घेऊन त्यावर तेल-मीठ घालून खायचा, हा आम्हा पोरींचा त्या दिवसांतला नाश्ता. मी अजूनही भिंगारला आमच्या घरी हौसेनं चीक करते. सून म्हणते, आई, पॅकेटातल्या कुरडया मिळतात. मिळतात हे मलाही माहीत आहे.

वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, साखर कारखान्यात गव्हाणीवर होते. गव्हाण म्हणजे उसाच्या मोळ्या जिथून साखळीवर पडून आत जातात ती जागा. हंगाम सुरू असला की घरचा सगळा वेळ कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा, अंगणात काळी काजळी पडायची आणि मळीचा आंबूस वास धुतलेल्या कपड्यांनाही यायचा. हंगाम संपला की दादा घरी. तेरा-चौदा हंगाम झाले तरी ते सीझनलच होते. पर्मनंट होणं हे आमच्या घरातलं एकमेव स्वप्न होतं, आणि ते पूर्ण करणं एका माणसाच्या हातात होतं. गावाचं, कारखान्याचं आणि त्या माणसाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. सगळे त्यांना चेअरमन म्हणायचे, मीही तेच म्हणते.

चेअरमन वाईट दिसणारा माणूस नव्हता. उंच, स्वच्छ, बोलायला गोड. आमच्याच गावात वाढलेला, त्यामुळे म्हाताऱ्या बायकांना नावानं हाक मारायचा. आमच्या नदीवर पूल बांधायचा म्हणून त्यानं दर निवडणुकीच्या आधी नारळ फोडला होता आणि पूल काही झाला नव्हता. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी बाहेरच्या काट्यापेक्षा हलकी भरते हे शेंबडं पोरही सांगत होतं. पण हे सगळं लोक आपापसात बोलत. त्याच्यासमोर उभं राहून कुणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. वर्षातून एकदा कारखान्याची सभा व्हायची, तिथं विषय वाचून व्हायच्या आतच पुढच्या रांगेतले लोक मंजूर, मंजूर म्हणून ओरडायचे आणि मग जेवणं व्हायची.

त्या हंगामाच्या शेवटाला रंगनाथकाका गेले. हे दादांच्याच पाळीत गव्हाणीवर होते आणि आमच्या शेजारी राहायचे. त्यांची बायको हिरामावशी आईच्या माहेरची, दोघी बरोबरच्या, म्हणून मावशी. गव्हाणीजवळचा कठडा महिनाभर मोडलेला होता, तो कुणी नीट केला नव्हता. भर दुपारी काका तिथून घसरले आणि साखळीत सापडले. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळ घातल्यापासून त्यांनी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घेतलं नव्हतं. जत्रेत बकरं कापायचं तर ते त्या दिवशी गाव सोडून मळ्यात जाऊन बसायचे. असा माणूस.

तेराव्यानंतर आठवडाभरानं हिरामावशी एक कागद घेऊन आमच्याकडे आली. आई कुरडया वाळत घालत होती, दादा घरी नव्हते. मावशी म्हणाली, "शके, कारखान्याचा कागुद आलाय बघ. वाच बरं काय लिवलंय." मी वाचायला घेतलं. अपघाताची चौकशी झाली, संबंधित कामगार कामावर मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत होता, सबब अपघातास तो स्वतः जबाबदार आहे, असं त्यात होतं. मावशीला मद्यप्राशन कळेना. "म्हंजी काय गं?" मी आईकडे पाहिलं, मग म्हणाले, "दारू पिऊन हुते म्हनत्यात." मावशी रडली नाही. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, उलटसुलट पाहिला, जणू मी भलतंच वाचलं असावं. "पुन्यांदा वाच," म्हणाली. मी पुन्हा वाचलं. पण दोन्ही वेळा मी खालच्या ओळींशी अडखळले आणि शेवटपर्यंत वाचलं नाही. खाली 'समक्ष साक्षीदार' असं होतं आणि त्यापुढे आमच्या दादांची सही होती. दादा सही करताना नावातला शेवटचा 'व' लांब ओढायचे. ती सही मी माझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं पाहत आले होते.

हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. दादांना विचारलंही नाही. जेवायला बसले की ते ताटात बघून जेवायचे, मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघायचे, इतकंच. राग आला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं. तेव्हा मला नुसतं बधिर झाल्यासारखं व्हायचं.

पुढे चेअरमननं सामुदायिक विवाह सोहळा जाहीर केला. अकरा जोडपी, मंडप कारखान्याच्या मैदानावर, जेवण कारखान्याचं. हिरामावशीची मंगल माझी मैत्रीण, माझ्यापेक्षा वर्षानं मोठी. तिचं माझ्या मामेभावाशी, दत्तूशी, काका असतानाच ठरलेलं होतं. चेअरमनचा माणूस मावशीकडे निरोप घेऊन आला की मंगलचं लग्न याच सोहळ्यात करा, साहेब स्वतः पोरीचा बाप म्हणून उभे राहतील, कन्यादान करतील. मावशीपुढे दुसरा रस्ता नव्हता. बाकीच्या दहा नवऱ्यांना सासरे होते, मंगलच्या नवऱ्याला चेअरमन सासरा मिळाला. वर्तमानपत्रात तसं छापूनही आलं.

आईनं हे ऐकलं तेव्हा ती साच्यात चीक भरत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "आपनहून बाप झाला व्हय? मग इवाईबी झाला की." बाकीच्या बायकांना आधी कळलं नाही. मग एकेक करून सगळ्या हसायला लागल्या. दत्तू आईच्या भावाचा मुलगा, म्हणजे आई नवऱ्याची आत्या. नवऱ्याकडची गाणारी तीच. ज्या माणसासमोर सगळा तालुका गप्प बसायचा, तो आपल्या पायांनी चालत येऊन अशा जागी बसणार होता जिथं आईनं त्याला काहीही म्हटलेलं चालणार होतं. त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या अंगणात जितकं हसणं झालं तितकं नंतर कधी झालं नाही.

पहिलं कडवं आईनं लगेच जुळवलं.

इवाई आमचे दानशूर, नारळ फोडले सात,
पूल कुटं दिसंना, खोबऱ्यानं दुखले दात.

दुसरं जुळायला दोन दिवस लागले.

इवायाच्या काट्याला लई हाय भूक,
गाडीभर ऊस खातो, म्हनतो माजी न्हाई चूक.

तिसरं तिनं बायकांसमोर म्हटलं नाही. मी पाण्याला जाताना तिच्याबरोबर होते, विहिरीवर दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा तिनं ते मला दिलं. तिचा आवाज एकदम साधा होता, गाण्याचा नव्हता.

इवाई आमचे लिवनारे, लिवलं एक पान,
माळकऱ्याच्या तोंडाला म्हने दारूची घान.
पान कुनी लिवलं, इवाई, सांगा मांडवात,
न्हाई तर घास घेऊ नगा लेकीच्या ताटात.

"पाठ झालं का?" आईनं विचारलं. मी म्हटलं झालं. "म्हनून दाव." मी म्हणून दाखवलं. तिसऱ्या ओळीवर माझा आवाज अडकला, आईला वाटलं काकांच्या आठवणीनं अडकला. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याच वेळी सांगायला हवं होतं. पान कुनी लिवलं हे मांडवात विचारलं तर उत्तरात आपल्याच घरचं नाव येईल, एवढं एक वाक्य. मी कळशी उचलून डोक्यावर घेतली आणि चालू लागले.

दादांना कुणकुण लागलीच. एक दिवस जेवताना म्हणाले, "तू लग्नात काय म्हननार हाईस म्हनं."

"म्हनंल की. रीतच हाय."

"आगं, येक-दोन वर्सांत माजं पर्मनंटचं काम व्हईल. साहेबांच्या डोळ्यावर यायला लागतंय का आपल्याला?"

"पंगतीतलं कुनी मनावर घेत न्हाई आवं. घेतलं तर त्याचंच हसं हुतंय."

"त्यो चेअरमन हाय, तुजा इवाई न्हाई."

"त्यानंच म्हनलंय की इवाई हाय म्हनून. मी कुटं म्हनलं?"

दादा ताटावरून उठले. हात धुतला, आणि बाहेर जाऊन बाजेवर बसले. आई माझ्याकडे बघून हसली. रीतीवर तिचा इतका विश्वास होता. तिला खरोखर वाटत होतं की गाण्यातून विचारलेल्या प्रश्नाला तो माणूस अडकेल, कारण त्या जागेवर बसलेला प्रत्येक माणूस अडकतो. मी आता नातवाच्या मोबाईलवर पुढाऱ्यांची विडंबनं बघते. काही फार हुशारीनं केलेली असतात. नातू हसून लोळतो आणि म्हणतो, आज्जी, आता ह्याची वाट लागली बघ. दुसऱ्या दिवशी तोच पुढारी तेच विडंबन स्वतः पुढे पाठवतो, खाली हसरं तोंड टाकून. चिडणाऱ्या पुढाऱ्याची मला कधी भीती वाटली नाही. हसणाऱ्याची वाटते.

लग्नाच्या दिवशी मंडपात ऊन तापलेलं होतं आणि बुंदीच्या कढयांवर माश्या घोंगावत होत्या. बुंदी, वांग्याची भाजी, पुऱ्या, भात आणि आमटी असं जेवण होतं. वाढायला कारखान्याचे कामगार लावले होते, त्यात दादाही होते, आमटीची बादली घेऊन. अक्षता पडल्या, भाषणं झाली. चेअरमननं भाषणात रंगनाथकाकांचं नाव घेतलं, आमच्या कारखान्याच्या कुटुंबातला एक सदस्य म्हणाला, आणि हिरामावशी पदर डोळ्यांना लावून बसली. मग पंगत. दत्तू आणि मंगल एका ताटाशी, आणि फोटोसाठी चेअरमन मंगलच्या शेजारी, खाली, मांडी घालून.

आई उठली. आम्ही पाच-सहा जणी तिच्यामागे उभ्या राहिलो. आईनं सुरुवात करायच्या आत चेअरमनच म्हणाला, "आरं, बायकांच्या गान्याला माईक द्या की. भागाक्काचं गानं हाय, समद्यांनी ऐकलं पायजे." माईक आला. आईनं आयुष्यात माईक धरला नव्हता, तो तिनं लाटण्यासारखा मुठीत धरला.

नारळाचं कडवं झालं. मांडवात क्षणभर सगळे चेअरमनच्या तोंडाकडे बघू लागले. तो मोठ्यानं हसला, आणि मग सगळा मांडव हसला. मागच्या पंगतीतून कुणीतरी शिट्टी मारली. काट्याच्या कडव्याला शेतकरी उठून उभे राहिले, म्हाताऱ्यांनी टोप्या काढून हवेत हलवल्या. पंगतीत कारखान्याचे संचालक बसले होते, त्यांची तोंडं उतरली होती. चेअरमन तेव्हाही हसत होता, पण त्याचं बोट ताटातल्या भातात थांबलं होतं. मी ते बघितलं. आणि मग आई थांबली. तिनं माईक डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पदराला नेला.

चेअरमनची आई एके काळी गावची गाणारी होती. हे मला नंतर कळलं. तो लहानपणापासून पंगतीत बसून वाढला होता, पदराला गेलेला हात म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आईचा पदर सारखा व्हायच्या आत तो उठला, दोन ढांगांत रुखवताच्या ताटाशी गेला, गुळाचा चांगला लिंबाएवढा खडा उचलला आणि आईसमोर येऊन उभा राहिला. "भागाक्का, हरलो बुवा. तुज्यापुढं कुनाचं चाललंय?" असं म्हणून त्यानं गूळ तिच्या तोंडापाशी धरला. आईनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा ताटाशी बसलेल्या दत्तू-मंगलकडे. सोयरीक. तिनं तोंड उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटोवाल्यानं दोन फोटो काढले.

शेवटचं राखून ठेवायचं, हीच तिची कला होती. काट्याच्या आधी ते कडवं म्हटलं असतं तर झालं असतं. पण तसं गाणं म्हणजे तिच्या लेखी अडाण्याचं गाणं.

तोंडात गूळ धरून आईनं माईक माझ्या हातात दिला. काही खूण केली नाही, नुसता दिला आणि माझ्याकडे बघत राहिली. चेअरमन पाठ फिरवून ताटाकडे निघाला होता. मला चारही ओळी पाठ होत्या. समोर तिसऱ्या रांगेत दादा आमटीची बादली घेऊन उभे होते, त्यांच्या हातातला ओगराळा तसाच वर राहिला होता आणि त्यातली आमटी थेंब थेंब एका म्हाताऱ्याच्या धोतरावर गळत होती. दादांना कडवं माहीत नव्हतं. पण कशाबद्दल असणार हे त्यांनी ओळखलं असावं. माईकमध्ये माझा श्वास घुमत होता, सगळ्या मांडवाला ऐकू येत होता. मला भीती वाटली असं लिहिलं तर ते नीट होणार नाही. मला काहीच वाटलं नाही. हात आपला नाही, जीभ आपली नाही, असं. मग निवेदक आला, "वा वा, टाळ्या झाल्या पाहिजेत," म्हणत त्यानं माझ्या हातातून माईक काढून घेतला, आणि पंगत जेवायला लागली.

आठ दिवसांत दादांना पर्मनंटचा कागद आला. गावात लगेच बोललं जाऊ लागलं की भागीनं गाणं म्हणून नवऱ्याचं काम करून घेतलं, आधीच ठरलेलं असणार, ती टिंगल नुसती दाखवायला. आईचा गूळ खातानाचा फोटो वर्तमानपत्रात आला, त्याखाली चेअरमनच्या दिलदारपणाबद्दल चार ओळी होत्या. हिरामावशीचं आमच्याकडे येणं कमी झालं, मग बंदच झालं. मला वाटायचं की लोकांच्या बोलण्यामुळे. पुढच्या निवडणुकीत चेअरमन सभेत स्वतःच नारळाचं कडवं म्हणायचा. आवाज बरा होता त्याचा. म्हणायचा, आमच्या गावच्या आयाबहिणी मला तोंडावर बोलतात, याला लोकशाही म्हणतात. लोक पोट धरून हसायचे. तो निवडून आला. पुलाचा आणखी एक नारळ फुटला.

आईनं मला कधी विचारलं नाही की तू का म्हटलं नाहीस. तिनं गाणं मात्र सोडलं. लग्नांची बोलावणी यायची, ती म्हणायची घसा बसलाय. दुसऱ्या वर्षी कुरडया आमच्या अंगणात झाल्या नाहीत, शेजारणी दुसरीकडे जमल्या. मी डीएडला नगरला गेले. दादांच्या पर्मनंट पगारावरच गेले. शिक्षिका झाले, तीस वर्षं पोरांना खरं बोलावं असं फळ्यावर लिहून शिकवलं. दादा गेले, मग आई गेली. सहीचं तिला कधी कळलं का, हे मला ठाऊक नाही. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, मी अजून नगरच म्हणते. इतकी वर्षं त्या दुपारचा विचार आला की राग, लाज, दुःख असं काही येईल म्हणून मी वाट बघते. येत नाही. आमटीचे थेंब तेवढे दिसतात.

मंगल माझी मामेभावजय, तेव्हा भेटी होतच राहिल्या. बारशी, लग्नं, मयती. आम्ही दोघींनी तो विषय कधी काढला नाही. परवाच्या उन्हाळ्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन इथं भिंगारजवळच्या दवाखान्यात झालं, म्हणून ती पंधरा दिवस माझ्याकडे राहिली. डोळा बरा झाल्यावर स्वस्थ बसवेना, एक दिवस म्हणाली, सर बाजूला, भाकरी मी थापते. मी ओट्याशी मेथी निवडत बसले. परातीत तिचा हात थपथप चालला होता. मध्येच मान वर न करता म्हणाली, "शके, तवा पंगतीत शेवटचं कडवं माज्या आण्णांचं हुतं ना गं?"

रंगनाथकाकांना ती आण्णा म्हणायची. मी व्हय म्हटलं.

"म्हन की."

मी म्हटलं. गायला नाही, वाचल्यासारखं म्हटलं. चार ओळी, कितीसा वेळ लागणार. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"येवडंच हुतं व्हय?"

"येवडंच."

ती तव्याकडे बघत उभी राहिली. भाकरी करपायला लागली तरी उलटली नाही, मीच उठून उलटली. मग मी म्हणाले, "मंगल, त्या कागदावर खाली आमच्या दादांची सही हुती. मी तुमाला वाचून दावली न्हाई." इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं होतं, आणि ते इतक्या सरळ बाहेर आलं याचंच मला नवल वाटलं.

"ठावं हाय," मंगल म्हणाली. "तू आडखळलीस म्हनून आईनं दुसरीकडनं वाचून घेतला हुता कागुद. लग्नाच्या आदीच." तिनं पिठाचा दुसरा उंडा हातात घेतला. "तुज्या हातात माईक आला तवा आईनं माज्याकडं बघितलं, मी तुज्याकडं. आमाला वाटलं, ही म्हनंल. दत्तू म्हनत हुता जेव, जेव. मी घास धरून बसले हुते गं शके, त्यो माईक नेऊस्तोवर."